अरुंद जागेतली हाक

आजचं वचन: स्तोत्रसंहिता ११८:५



आजचं वचन तुमच्यापैकी बहुतेकांना पाठ असेल. एकच ओळ आहे. अडचणीत सापडलेला माणूस देवाला हाक मारतो आणि देव त्याला उत्तर देतो, एवढाच तिचा आशय. मी ती शेकडो वेळा वाचली आहे. स्टेटसला ठेवली आहे. एकदा मंडळीत साक्ष देताना वापरलीही आहे. त्या साक्षीबद्दल पुढे सांगतो, कारण आजचं मनन तिथेच अडकलेलं आहे.

वाचण्याआधी एक विनंती. शास्त्र उघडा, ही ओळ स्वतः वाचा आणि मग इकडे या. वचन तुमच्यासमोर असू दे. मी फक्त त्यातल्या दोन हिब्रू शब्दांबद्दल बोलणार आहे.

पहिला शब्द: मेत्सार

ज्या ठिकाणाहून हाक मारली, त्या ठिकाणाला मूळ हिब्रूत म्हटलंय 'मेत्सार'. आपण इथे 'संकट' असा अर्थ घेतो आणि तो बरोबरच आहे. पण शब्दाच्या मुळाशी एक जागा आहे. 'त्सार' म्हणजे अरुंद, चिंचोळं. त्याच मुळापासून 'त्सारा' म्हणजे दुःख, संकट. म्हणजे हिब्रू माणूस 'मी संकटात आहे' म्हणतो तेव्हा शब्दशः 'मी चिंचोळ्या जागेत अडकलोय' असंच म्हणत असतो.

गंमत म्हणजे आपलंही तसंच आहे. संस्कृतात 'संकट' या शब्दाचा जुना अर्थ अरुंद, दाटीचा रस्ता असाच आहे. आणि 'अडचण'? आजही आपण म्हणतो, "जरा सरका, इथे फार अडचण होतेय." जागेची अडचण आणि जिवाची अडचण यांसाठी मराठीत एकच शब्द आहे. त्यामुळे हे वचन समजायला मराठी माणसाला फार लांब जावं लागत नाही. विशेषतः दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेल्याला.

पण अरुंद म्हणजे नक्की किती अरुंद? किती फूट, किती मीटर? याचं उत्तर शास्त्रात एका वेगळ्याच गोष्टीत सापडतं. गणना २२ मध्ये बलाम गाढवीवर बसून निघालाय आणि देवदूत त्याची वाट अडवतो. पहिल्यांदा गाढवी शेतात शिरते. दुसऱ्यांदा भिंतीला चिकटते आणि बलामाचा पाय चिरडला जातो. तिसऱ्यांदा देवदूत अशा 'त्सार' जागी उभा राहतो, जिथे उजवीकडे किंवा डावीकडे वळायलाच वाट नाही. तिथे गाढवी खालीच बसते.

माझ्यासाठी ही अरुंदपणाची सगळ्यात चांगली व्याख्या आहे. तिथे माप दिलेलंच नाही. जिथे वळता येत नाही ती अरुंद जागा, बस. आणि वळता येतंय की नाही, हे गाढवीला कळलं. वर बसलेल्याला कळलं नाही. तो तिला काठीने मारत राहिला.

आणखी एक गोष्ट. मिसर देशाचं हिब्रू नाव 'मित्स्राईम'. त्यात 'मेत्सार'चीच अक्षरं ऐकू येतात. दोन्ही शब्द खरंच एका मुळाचे आहेत असं भाषेच्या नियमाने छातीठोक सांगता येणार नाही. पण यहुदी वाचकांनी पिढ्यान्पिढ्या हा संबंध जोडला आहे: मिसर म्हणजे ती चिंचोळी जागा, जिथून देवाने आम्हाला बाहेर काढलं. स्तोत्र ११३ ते ११८ ही 'हल्लेल'ची स्तोत्रं वल्हांडणाच्या रात्री म्हटली जातात, त्यामुळे हा संबंध जोडला गेला तर नवल नाही.

ही स्तोत्रं आपल्या मराठीच्या घरातही फार आधीपासून आहेत बरं का. कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना गावात 'शनिवार तेली' म्हणत, कारण ते तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे. त्यांचं मुंबईतलं पहिलं सभास्थान १७९६ चं, मांडवी भागातलं. आणि १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडणाची हगादा हिब्रूसोबत मराठीतही छापली गेली. म्हणजे 'मेत्सार' म्हणताना मराठीत विचार करणारी माणसं या किनाऱ्यावर आपल्या खूप आधीपासून होती. आणि ख्रिस्ती बाजूने बघितलं, तर पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी अख्खं शास्त्र सोप्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, तोपर्यंत त्यांचं हे काम चालू होतं. एक शब्द नीट कळावा म्हणून नवी भाषा शिकायची! आपण मोबाईलवर एका टॅपमध्ये हिब्रू शब्दाचा अर्थ बघतो आणि तेही आळसाने. असो.

दुसरा शब्द: मेरखाव

देवाचं उत्तर कसं आलं? इथे हिब्रू वाक्य फार मजेशीर आहे. उत्तर म्हणजे आवाज, शब्द, दर्शन असं काही नाही. उत्तर 'मेरखाव'मध्ये आलं. मेरखाव म्हणजे मोकळी, रुंद, ऐसपैस जागा. हाक तोंडाने मारली आणि उत्तर जागेच्या रूपात मिळालं. जणू देवाने सांगितलं, "बोलत बसत नाही, आधी तुला हलायला जागा देतो."

(यातला 'ख' आपल्या ख सारखा नाही, घशातून खरवडून काढायचा. सकाळी सकाळी प्रॅक्टिस करू नका, घरचे काळजी करतील.)

याच मुळाचे शब्द शास्त्रात जागोजागी आहेत. यरीहोच्या तटावर राहणारी राहाब, तिचं नाव याच मुळाचं, 'रुंद'. राहायला भिंतीवर, पण जीव मुठीत धरून आलेल्या दोन अनोळखी माणसांना तिने जागा दिली. मत्तयाने प्रभूच्या वंशावळीत तिचं नाव घेतलंय. आजच्या हिब्रूत रस्त्याला 'रेखोव' म्हणतात, तोही याच मुळाचा. हा रस्ता लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि वचनातला शेवटचा तुकडा. 'मेरखाव' आणि त्याला लागून 'याह', म्हणजे देवाचं नाव, 'हालेलूया'मध्ये असतं तेच. जुन्या यहुदी गुरूंमध्ये वाद होता की हे दोन शब्द आहेत की एकच. आम्हा प्रोग्रामरना हा वाद लगेच कळतो. एक स्पेस इकडची तिकडे झाली की अर्थ बदलतो. दोन शब्द धरले तर 'याहने रुंद जागी उत्तर दिलं'. एकच धरला तर 'याहची रुंदी', देवाची स्वतःची ऐसपैस जागा. मला वाटतं दोन्ही वाचून बघावं. पहिल्या वाचनात जागा मला मिळते. दुसऱ्या वाचनात जागा देवाची असते आणि मी तिथे पाहुणा असतो. हा फरक छोटा वाटतो. माझ्या बाबतीत तो छोटा ठरला नाही.

आता साक्षीची गोष्ट

माझे वडील नगर जिल्ह्यातून नोकरीसाठी मुंबईत आले आणि वरळी कोळीवाड्यात भाड्याच्या खोलीत राहिले. मी तिथेच वाढलो. आम्ही कोळी नाही, पण आईने सुकट आणि बोंबील करायला समोरच्या मावशींकडूनच शिकून घेतलं. त्या मावशींचे यजमान म्हणजे आमचे तांडेल काका. स्वतःची बोट, सकाळी निघायचे क्लीव्हलँड बंदरातून. त्यांनीच मला पोहायला शिकवलं. दहावीला मार्क चांगले पडले तेव्हा आमच्या घरी पापलेट त्यांच्याकडून आलं होतं.

२००९ मध्ये सी लिंक सुरू झाला. नंतर कोस्टल रोडचं काम आलं. या रस्त्याचे खांब बोटींच्या वाटेवर येणार होते. मूळ आराखड्यात दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर होतं. कोळी बांधवांचं म्हणणं होतं की हे पुरणार नाही. त्यांनी आधी २०० मीटर मागितलं, मग १६० वर आले. बैठका झाल्या, समुद्रात बोटी उभ्या करून काम थांबवलं गेलं.

त्या दिवसांत एकदा काकांनी मला हाक मारली. हातात नकाशाच्या झेरॉक्स होत्या, सगळं इंग्रजीत.

"बाळा, तू इंजिनिअर हाय. हे जरा बघून सांग ना आमाला. रविवारी बसू."

मी कागद हातात घेतले, वरवर पाहिले आणि म्हणालो, "काका, साठ मीटर म्हणजे तसं बरंच झालं की. तुमची बोट केवढी, चार-पाच मीटर रुंद?"

काका हसले. म्हणाले, "गाडीला बिरेक असतो रे. बोटीला कुठं असतो? वारा बाजूनं आला, पानी वढायला लागलं, समोरनं दुसरी बोट आली, तर वळायचं कुठं?"

मी म्हणालो, "रविवारी नक्की बसू." रविवारी मी गेलो नाही. रिलीज होता, हे खरं आहे. पण रिलीज दुपारी संपला होता, हेही खरं आहे. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही गेलो. नंतर कागदांचा विषय निघाला नाही. मीही काढला नाही.

मग माझी स्वतःची अडचण सुरू झाली. प्रोजेक्ट बंद पडला, मला बेंचवर टाकलं, घराचा हप्ता नुकताच सुरू झालेला. त्या चार महिन्यांत हेच स्तोत्र माझा श्वास होतं. रात्री गच्चीवर जाऊन हाच 'मेत्सार' देवाला सांगायचो, तेव्हा शब्द माहीत नव्हता एवढंच. आणि देवाने ऐकलं. दक्षिण मुंबईत चांगली नोकरी मिळाली. मार्च २०२४ मध्ये कोस्टल रोडचा पहिला टप्पा सुरू झाला आणि माझा एका बाजूचा प्रवास बराच कमी झाला. मी मंडळीत उभा राहिलो आणि साक्ष दिली: प्रभूने मला चिंचोळ्या जागेतून मोकळ्या जागी आणलं, अगदी रस्तासुद्धा मोकळा करून दिला. लोक हसले, टाळ्या वाजल्या.

घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "तांडेल काकांचे कागद बघायचे राहिले ना रे तुझे?"

ती रागावली नव्हती. तिला फक्त आठवलं होतं.

प्रश्न

तर आजचा प्रश्न हा आहे, आणि तो मी आधी स्वतःला विचारतोय: माझी मोकळी जागा दुसऱ्याच्या अरुंद जागेतून काढलेली असेल, तर तिला 'देवाचं उत्तर' म्हणता येईल का?

सोपं उत्तर द्यायचा मोह होतो. "हो, रस्ता वाईट आहे" असं म्हणून मोकळं व्हायचं. पण तसं नाही. त्या रस्त्यावरून अॅम्ब्युलन्स जाते, आयांना घरी लवकर पोहोचता येतं. रेखोव आणि मेरखाव एकाच मुळाचे शब्द आहेत. शहरालाही श्वास लागतो. दुसरं सोपं उत्तर म्हणजे, "विकासासाठी कोणाला तरी थोडं सोसावं लागतंच." हे वाक्य मी ऑफिसमध्ये खूप ऐकतो. मात्र सोसणाऱ्याच्या तोंडून अजून ऐकलेलं नाही.

मला वाट दाखवली ती उत्पत्ती २६ व्या अध्यायाने. इसहाक गराराच्या खोऱ्यात विहिरी खणतो. पहिल्या विहिरीवर भांडण होतं, तो तिला नाव देतो 'एसेक', म्हणजे भांडण. दुसरी खणतो, तिथेही भांडण. नाव देतो 'सितना', म्हणजे वैर. सैतान हा शब्दही त्याच मुळाचा. मग तो तिथून हलतो, तिसरी विहीर खणतो. तिच्यावरून कोणी भांडत नाही. तिचं नाव तो ठेवतो 'रहोबोथ'. आपल्याच मुळाचा शब्द, रुंद जागा.

नीट बघा, पाणी तर पहिल्या विहिरीलाही होतं आणि ते वाहतं पाणी होतं. पण इसहाकाने त्या विहिरीला रहोबोथ म्हटलं नाही. देवाने आम्हाला जागा दिली, हे तो भांडण थांबल्यावर म्हणतो. म्हणजे शास्त्राच्या हिशोबात रुंदी फुटांवर मोजत नाहीत. जिथे दोघेही वळू शकतात ती रुंद जागा. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी ज्या अबीमलेखाने त्याला निघून जायला सांगितलं होतं, तोच येतो, करार होतो आणि सगळे एकत्र जेवतात.

इथे एक धोका आहे. ही गोष्ट कोळीवाड्याला ऐकवून "तुम्हीच सरका ना इसहाकासारखं" असं म्हणणं फार सोपं आहे. पण अध्याय पुन्हा वाचा. अबीमलेख इसहाकाला 'जा' का म्हणतो? कारण इसहाक त्यांच्यापेक्षा फार बलवान झाला होता. तो परका होता हे खरं, पण ताकद त्याच्याकडे होती. माणसं होती, जनावरं होती, नवी विहीर खणायची ऐपत होती. ज्याला सरकता येत होतं, तो सरकला. समुद्रातली बोटींची वाट सरकत नाही. खडक आणि ओहोटी-भरती कोणाचं ऐकत नाहीत. खांब मात्र कागदावर असेपर्यंत सरकू शकतो.

आणि तो सरकला. २०२२ च्या अखेरीस १२० मीटरचं अंतर मान्य झालं, एक खांब कमी झाला. एप्रिल २०२४ मध्ये सुमारे २००० टन वजनाची, १३६ मीटर लांबीची धनुष्याकृती तुळई समुद्रात बसवली गेली. इंजिनिअर म्हणून सांगतो, ती बघताना ऊर भरून आला. आणि त्याच वेळी लाजही वाटली. कारण जे 'शक्य नाही' असं मी मनात गृहीत धरलं होतं ते शक्य होतं. कोणीतरी बसून कागद बघितले होते. तो मी नव्हतो.

कोळी बांधवांनी मागितलं तेवढं मिळालं नाही, हेही लिहायला हवं. १२० म्हणजे १६० नव्हे. गेल्या महिन्यात मी काकांकडे गेलो. माफी मागायची होती, शब्द जुळवून गेलो होतो. काका जाळं शिवत बसले होते. मी म्हणालो, "काका, तेव्हा मी यायला हवं होतं." ते सुई न थांबवता म्हणाले, "आता आलास ना. बस." आणि शेजारची टोपली बाजूला सरकवून त्यांनी मला बसायला जागा केली.

मित्रांनो, मला मेरखावचा अर्थ त्या टोपलीने शिकवला.

आपल्यासाठी

वल्हांडणाच्या रात्री जेवणानंतर प्रभू आणि शिष्य स्तोत्र म्हणून जैतुनांच्या डोंगराकडे निघाले, असं मत्तय २६:३० मध्ये आहे. ते स्तोत्र हल्लेलचंच असावं असं अभ्यासक मानतात. म्हणजे बहुधा आजचं वचनही त्या रात्री प्रभूच्या ओठांवर होतं. आणि ते म्हणून तो कुठे गेला? गेथशेमानेत. त्या नावाचा अर्थ तेलाचा घाणा. मेरखावचं गाणं म्हणत तो घाण्याच्या जागी गेला, कारण आपल्याला जागा व्हावी. त्याची रुंदी त्याने स्वतः आक्रसून दिली. म्हणूनच 'मेरखाव-याह' एकच शब्द म्हणून वाचावासा वाटतो. जागा त्याची आहे. मला मिळाली ती माझ्या मालकीची झाली नाही, त्यामुळे तिथे दुसऱ्याला घेण्याचा हिशोबही माझा नाही.

मग मी नोकरी सोडू का? कोस्टल रोडने जायचं बंद करू का? नाही. मी रोज तिथूनच जातो. पण त्या कमानीवरून जाताना आता खाली बघतो. बोट दिसली की काकांसाठी प्रार्थना करतो. आणि प्रार्थना करून थांबायचं नाही, हे आता कळलंय. महिन्यातले दोन रविवार मंडळी सुटली की मी कोळीवाड्यात बसतो. कोणाचे फॉर्म, कोणाची विम्याची कागदपत्रं, कोणाच्या मुलीचं अॅडमिशन. इंग्रजीत लिहिलेलं मराठीत सांगायचं, एवढंच काम. फार मोठं नाही.

या आठवड्यात तीन गोष्टी करून बघा:

१. तुमच्या 'मेत्सार'ला नाव द्या. कुठे वळता येत नाहीये? कर्ज, नातं, ऑफिस, आजारपण, जे असेल ते. तिथूनच हाक मारा. वचनातल्या माणसाने बाहेर पडून मग हाक मारली नव्हती.

२. देवाने आधी दिलेली एखादी मोकळी जागा आठवा आणि विचारा, तिच्यासाठी कोणी सरकलं होतं का? आई? भाऊ? सोबतचा सहकारी? त्या माणसाला या आठवड्यात एक फोन करा.

३. कोणाचे 'कागद बघायचे राहिलेत'? रविवारपर्यंत थांबू नका.

आणि कोणी "मला वळायला जागा नाही" म्हणालं, तर लगेच मीटर मोजू नका. सुकाणू त्याच्या हातात आहे. रुंदी किती लागते हे त्याला जास्त कळतं.

प्रार्थना

हे प्रभू, तू मला चिंचोळ्या जागेत ऐकलंस, त्याबद्दल धन्यवाद. मी मोकळ्या जागी आलो आणि मागच्यांना विसरलो, याची क्षमा कर. मला दिलेली जागा तुझीच आहे, हे मला आठवत राहू दे. ज्यांची वाट अरुंद होतेय, त्यांच्यासाठी सरकायची ताकद आणि अक्कल मला दे. आज समुद्रावर गेलेल्या प्रत्येक बोटीला सुखरूप परत आण. येशूच्या नावाने मागतो. आमेन.

उद्या भेटू, स्तोत्र ११८ मध्येच.